मेंढरांना पहिला मान

आल्प्सहून परत आल्यापासून आमच्या घरात दोन देश नांदत होते, एक 'तिथं' आणि एक 'इथं'. तिथं गाडीवाला सायकलमागून मुकाट्यानं येतो, इथं कानात हॉर्न मारतो. तिथं रस्त्यावर कोणी थुंकत नाही, इथं हेल्मेटवर थुंकतात. वेणीमाधव कॉलेजात भूगोल शिकवतो. तास संपला की विद्यार्थी सुटतात, पण मी त्याची बायको पडले.

खोटं कशाला बोलू, तिथलं ते नदीचं खोरं मलाही आवडलं होतं. सोलापूरच्या सायकल क्लबातले आम्ही काहीजण गेल्या जूनमध्ये ऑस्ट्रियात इन नदीकाठी आठवडाभर सायकली चालवून आलो. आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेवरचा आसरा पूल, फार तर तुळजापूरचा घाट. त्या पुलावर पहाटे वर-खाली करून सराव केला, तेव्हा फिरायला येणारे आजोबा विचारायचे, काही हरवलंय का म्हणून. मी तेव्हाही सगळ्यांच्या मागे असायचे आणि तिथंही मागेच होते. वेणीमाधव पुढे. त्याच्या हँडलवर एक छोटं यंत्र असतं, त्यात सरासरी वेग दिसतो. नवऱ्याचं माझ्याकडे जेवढं लक्ष नसतं तेवढं त्या यंत्राकडे असतं.

मार्चमधल्या एका रविवारी संध्याकाळी क्लबानं त्याचं व्याख्यान ठेवलं, 'आल्प्सच्या एका खोऱ्यातले सायकलमार्ग'. त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नेहमीप्रमाणे वळसंग गावापर्यंत निघालो होतो. गडी उत्साहात होता. वाऱ्याची साथ होती आणि वेग कधी नव्हे इतका लागला होता, हे तो मागे वळून ओरडून सांगत होता.

वळसंगच्या अलीकडे कडेच्या रस्त्यावर मेंढरं आली. ज्वारी निघालेल्या एका रानातून पलीकडच्या रानात चालली होती. पुढे एक बाई, हातात काठी, डोक्यावरून पदर. कळप अर्धा इकडे, अर्धा तिकडे. दोन मिनिटं थांबलं असतं तर रस्ता मोकळा झाला असता.

"ओ बाई! रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?"

हा आवाज माझ्या नवऱ्याचा होता. घरी दूधवाल्यालासुद्धा अहो-जाहो करणाऱ्या माणसाचा. मेंढरं बुजली, मध्ये थोडी फट झाली, आणि त्यानं सायकल त्या फटीत घातली. एक कोकरू आईकडे पळालं ते थेट चाकाखाली. सायकल हेलकावली, त्यानं पाय टेकला, एकदा मागे पाहिलं आणि तो निघून गेला.

मी पोचले तोवर ती बाई रस्त्यात बसली होती. कोकराचा पुढचा पाय लोंबत होता. ते ओरडतही नव्हतं, नुसतं तोंड उघडत होतं. मी सायकल आडवी टाकली, माझ्या बाटलीतलं पाणी तिला दिलं. तिनं कमरेची चिंधी फाडली, मी पाय धरला, तिनं बाभळीच्या काटकीला तो बांधला. तिचं नाव मायाक्का. सांगोल्याकडची माणसं, दर साली इकडच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायला येतात.

बांधून झाल्यावर तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. क्लबाचा पिवळा टीशर्ट माझ्याही अंगावर होता.

"त्यो फुडं गेलेला तुमच्यातलाच का वो बाई?"

मी म्हणाले, "नाही. आमच्यातला नाही. कोण होता कुणास ठाऊक."

असं का म्हणाले? लाज वाटली म्हणून. आणि म्हटल्या क्षणी त्याहून जास्त लाज वाटली. पण तिनं मान डोलावली होती, माझ्या हातावर हात ठेवला होता, आणि मला चांगली बाई ठरवून मोकळी झाली होती. आता तिला खरं सांगायचं म्हणजे तो हात काढून घ्यायला लावायचा. मला ते जमलं नाही.

घरी आल्यावर वेणीमाधवला म्हटलं, "त्या कोकराचा पाय मोडला."

"अगं, पण भररस्त्यात आणतात कशाला?" तो म्हणाला. मग बूट काढत, "फार लागलंय का?"

"मोडलाय म्हटलं ना. मी पाय धरला, त्या बाईनं, मायाक्कानं, काटकी बांधली."

बाईला मी काय सांगितलं ते मात्र गिळूनच टाकलं.

संध्याकाळी हॉल भरला होता. क्लबाचे अध्यक्ष सोमशेखर यांनी शाल घातली, नारळ दिला. वेणीमाधव बोलतो छानच. पहिला मार्ग नदीच्या कडेनं, सपाट, लेकराबाळांना घेऊन जावं असा. दुसरा उतारावरच्या फळबागांतून, गावागावांतून, दर गावात पाण्याची हौदी. तिसरा घाटाचा, जिथं प्रत्येक वळणाला पाटी आणि शेवटी बर्फ. कुठं गिअर बदलायचा, कुठं उतरताना ब्रेक दाबून धरायचे नाहीत, सगळं सांगितलं. माणसं वह्या काढून लिहून घेत होती.

आणि मग तो फोटो आला. दुसऱ्या मार्गावरचा, मीच काढलेला. अख्खा रस्ता मेंढरांनी भरलेला, आमच्या सायकली दगडी कुंपणाला टेकलेल्या, आणि वेणीमाधव हेल्मेट काढून मेंढपाळाला सोलापूरहून नेलेली शेंगापोळी देतोय.

"इथं आम्ही अर्धा तास उभे होतो," तो म्हणाला. "कुणाची कुरकुर नाही. तिथं मेंढरांना पहिला..." आणि त्याची नजर माझ्यावर पडली. "पहिला मान असतो," त्यानं वाक्य कसंबसं संपवलं.

टाळ्या पडल्या. मागून कोणी विचारलं, "आन आपल्याकडं वो सर?" हॉल हसला. वेणीमाधवही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. पुढचे फोटो त्यानं भराभर सरकवले. मी खाली फरशीकडे बघत होते. सगळ्या हॉलला ठाऊक आहे असंच मला वाटत होतं.

रात्री तो जेवला नाही. म्हणाला, "उद्या रजा टाकतो. त्या बाईची माफी मागून येऊ. तू चल, तू तिला ओळखतेस." मला त्याच्याबद्दल बरं वाटलं आणि मायाक्काला दिलेलं उत्तरही आठवलं. त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "चल."

सकाळी मायाक्का त्याच रस्त्यावर दिसली. आमच्या सायकली पाहताच तिनं आरडाओरडा करून मेंढरं रस्त्यावरून हाकलली, काटेरी चरात उतरवली, आणि स्वतः कडेला हात जोडून उभी राहिली. "जावा, जावा सायेब. रस्ता मोकळा हाय."

वेणीमाधव सायकलवरून उतरला. हेल्मेट, काळा चष्मा, नाकावर फडकं. तो जवळ येतोय म्हटल्यावर ती आणखी मागे सरली.

"चुकलं आमचं," ती म्हणाली. "उद्यापास्नं दुसऱ्या वाटंनं नेतो."

इतक्यात तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा सैलावला. "बाई, तुमी हाय व्हय! बगा, ह्ये तुमचं कोकरू." पाठीवरच्या झोळीतून एक तोंड बाहेर आलं होतं. "जगलं म्हना, पर कळपासंगं चालायचं न्हाय आता. बाजार दावावा लागंल."

मग ती वेणीमाधवकडे वळली. "दादा, ही बाई लई चांगली हाय. काल एका मुडद्यानं लेकरावर सायकल घातली आन पळाला. म्या हिला इचारलं, तुमच्यातला हाय का? न्हाय म्हनली. म्या म्हनलं बरं झालं. असल्या मानसाच्या घरात बाई कशी नांदत आसंल?"

वेणीमाधवनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहू शकले नाही. त्याला सुटायची वाट मी आयती करून ठेवली होती, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. त्यानं चष्मा काढला, फडकं खाली केलं.

"मायाक्का, तो मीच," तो म्हणाला. "माझं चुकलं. मी थांबायला हवं होतं."

तिनं झोळीवर हात फिरवला.

"ह्ये तुमचं कोन, बाई?" तिनं मला विचारलं.

"नवरा," मी म्हणाले.

ती त्याच्यावर ओरडेल असं मला वाटलं. मनातून तसं हवंही होतं. ती त्याला एवढंच म्हणाली, "बरं. आलासा, कबूल केलंसा." आणि माझ्याकडे वळली.

"ह्ये घाईत व्हतं, बाई. तुमी तर थांबला व्हता की, मग न्हाय कशापायी म्हनला?"