डाव्या पायाची चरबी

व्यायामशाळेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर चरबीबाबा, पुढ्यात मिठाच्या पाण्याचं घमेलं आणि त्यावर काळं कापड.

"डावा पाय आत घाला! हृदय डाव्या बाजूला, त्याच्या खाली डावा पाय. उतार दिसला की कोलेस्टेरॉल धावत सुटणार!"

थोड्या वेळानं कापड उचललं की पाणी तपकिरी, वर फेस. लोक टाळ्या पिटत. स्वतःच्या अंगातली घाण बघून माणसं एवढी खूश होतात, हे शिंपीणबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं.

बाईंना मात्र हसू येत नव्हतं. गेल्या महिन्यात नवरा इथं पाय बुडवून आला आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या त्यानं खिडकीबाहेर भिरकावल्या.

"शेजाऱ्यापेक्षा माझं पाणी काळं निघालं! आता गोळी कशाला? मला काही होतंय का?"

"मामंजींना तरी काय होत होतं? शिलाई मशीनवर बसल्या बसल्या गेले ना?"

तरीही तो गोळीला काही शिवला नाही. मग बाईंनी आपल्या थोरल्या भावाला बोलावून घेतलं. भाऊ जुना ट्रक ड्रायव्हर आणि एक नंबरचा वात्रट.

आज तेच दादा लंगडत व्यासपीठावर चढले. पहिल्या रांगेत शिंपी "अहो, यांचा तर..." म्हणणार, तोच बायकोनं असा चिमटा काढला की वाक्य घशातच राहिलं. बाबा गर्दीकडे तोंड करून बडबडत होते, तेवढ्यात दादांनी कापडाखाली पाय सरकवला.

"झिणझिण्या येतात?"

"येतात की! अंगठ्यात तर फारच."

कापड उचललं. पाणी काळपट तपकिरी.

"अरेरे! या पायात सात पिढ्यांचं तेल साचलंय!"

दादांनी पँट गुडघ्याच्या वर ओढली, पट्टे सोडले आणि अख्खा पाय बाबांच्या मांडीवर ठेवला. "धरा. रबराचा आहे. कारखान्यातून आणल्यापासून बिचाऱ्यानं तळलेलं तोंडात घातलेलं नाही."

हॉलमध्ये जो हशा पिकला! बाईंनी मुद्दाम बोलावलेल्या डॉक्टरीणबाई पुढे आल्या. त्यांनी घमेल्यातून लोखंडाच्या दोन पट्ट्या वर काढल्या. तारा टेबलाखालच्या बॅटरीला जोडलेल्या.

"मिठाच्या पाण्यात लोखंडातून वीज सोडली की ते गंजतं. हा तो गंज. आता पाय न घालता बघा."

नवं पाणी भरलं. तेही तपकिरी झालं. तोवर बाबा मागच्या दारानं पसार.

"कोलेस्टेरॉल रक्तात असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते दुखत नाही, दिसत नाही. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून खाणं बेतानं, रोज चालणं, सांगितली असेल तर गोळी, आणि वेळेवर तपासणी. गोळीनं त्रास झाला तर मला सांगा, खिडकीला नको."

शिंप्यानं खाली मान घातली. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, तर आकडा आधीपेक्षा वर. त्या रात्री त्यानं स्वतः पाणी मागितलं. "आमच्या वडलांना वेळेवर कुणी सांगितलं असतं तर..." म्हणाला आणि गोळी घेतली. बाईंनी डोळे पुसले.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की टाळ्या जरा थांबवा. आधी एवढंच विचारा: पाय न घालता काय होतं?