तिरका काप

टोमॅटोच्या फुलाइतकं आपमतलबी फूल शोधून सापडायचं नाही. माशीच्या विनवण्या नाहीत की काही नाही, स्वतःचेच पराग स्वतःवर पाडायचे की झालं. पॉलिहाऊसमधल्या बायकांचा जन्म त्याची ही खोड मोडण्यात जात होता. फूल उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने कळीतले पुंकेसर उपटायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, आणि काम झाल्याची खूण म्हणून फुलाखालची दोन हिरवी पानं कात्रीने छाटायची. खूण असेल तेच फळ बियाण्याला.

मावशीला तिथे सगळेच मावशी म्हणत, पण सख्खी भाची एकच. तिची आई गेली तेव्हा मावशीने तिला पदरात घेतलं, पुढे याच कामाला लावलं. पाचवी रांग दोघींची.

त्या सकाळी सुपरवायझरने टेबलावर रोपांचा ट्रे आदळला. संकरित रोपाचा देठ जांभळा यायला हवा. पाचव्या रांगेच्या नऊ पाकिटांतल्या बियांच्या रोपांचे देठ हिरवेगार होते.

"कळ्या रिकाम्या न करताच खुणा केल्यात. कोणी?"

मावशी निवांत होती. भाची मात्र पटकन म्हणाली, "मावशीला हल्ली नीट दिसत नाही हो. मी आपलं सांभाळून घेते."

 तपासणी होईपर्यंत फळांचे वाळके देठ, छाटलेल्या पानांसकट, बियांच्या पाकिटातच ठेवायची तिथली पद्धत होती. मावशीने नऊही पाकिटं टेबलावर पालथी केली. बावीस वर्षं ती पानं तिरकी छाटत आली होती. भाची छाटायची सरळ. इथले सगळे काप सरळ होते. दिवसाचा फुलांचा आकडा भरायला कार्टीने नुसती कात्री चालवली होती!

"हे माझे नाहीत. मी तिरकं कापते."

सुपरवायझरने एक देठ उजेडात धरला. "मला तर सगळे सारखेच दिसतात. आणि राग मानू नका मावशी, परवा तुम्हाला पाटीवरचा आकडा वाचता आला नव्हता."

पाटी लांब होती. जवळचं तिला कळीवरच्या लवेसकट दिसे, पण आता ऐकतो कोण? तिने भाचीकडे पाहिलं. पोर एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. पोर ट्रेमधली रोपं न्याहाळत राहिली. दुपारी मावशीला घरी पाठवलं, ते कायमचं.

संध्याकाळी भाची आली, चहा ठेवला, मावशीपुढे कप सरकवला आणि जरा घुटमळली.

"मावशी, उद्यापासून अख्खी रांग माझ्याकडे आहे. तुझी हत्यारं मला देतेस?"

मावशीने पिशवी उघडली. कात्री काढून तिच्या हातावर ठेवली आणि पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं.

"आणि चिमटा?"

"चिमटा तुला कधी लागला?"