रविवारचं धुणं

दुसरी मोठी लढाई संपल्यापासून, म्हणजे सोळा वर्षं, इंग्लंडमधल्या स्केलब्रो टाउन या फुटबॉल क्लबच्या खेळाडूंचे कपडे हिल्डाबाई कॅटरॉल धूत होत्या. शर्ट पांढरे. हा रंग ज्याने कोणी निवडला त्याने आयुष्यात धुण्याला हात लावला नसणार, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी क्लबच्या तीन अध्यक्षांना एकामागून एक ऐकवलं होतं. तिघांनीही विचार करतो म्हणून सांगितलं होतं. त्यातले दोघे आता हयात नव्हते.

शनिवारी सामना संपला की कपड्यांची वेताची टोपली मैदानाच्या मागच्या फाटकातून सरळ हिल्डाबाईंच्या परसात यायची. धुणं सोमवारी. मधला रविवार टोपली झाकून ठेवलेली. रविवार देवाचा, म्हणून तेव्हा स्केलब्रोत त्या दिवशी कोणी दोरीवर काही घालत नसे. एक्केचाळीस साली एका पोरसवदा बाईने रविवारी बाळाचे लंगोट वाळत घातले होते. त्या बाळाला आता मिशा फुटल्या होत्या, तरी गल्लीत त्या बाईचं नाव ‘रविवारवाली’च होतं.

सामना बघायला हिल्डाबाई कधी गेल्या नाहीत. त्यांना गरज पडत नसे. सोमवारी शर्ट पालथे करून पाहिले की सगळा सामना समजायचा. गोलकीपरचे गुडघे स्वच्छ असले तर एक तर आपण आरामात जिंकलो, नाही तर त्याने प्रयत्न सोडला. बहुतेक वेळा दुसरं.

नऊ नंबरचा शर्ट अकरा वर्षं नेव्हिल ग्रिमशॉचा होता. अकरा वर्षं तो एकाच क्लबकडून खेळला. आधी खालच्या डिव्हिजनमध्ये, आणि क्लब घसरला तेव्हा त्याहून खालच्या. एकदा वरच्या डिव्हिजनमधल्या कुठल्याशा क्लबचा माणूस त्याला बघायला आला होता. तो हाफटाइमला चहा प्यायला, चहा चांगला आहे म्हणाला आणि आगगाडीने परत गेला.

नेव्हिलचे गोल देखणे नव्हते. तो बॉल मारत नसे. बॉल त्याच्यावर येऊन आपटायचा आणि तिथून आत जायचा. नडगी, गुडघा, बरगडी, कान. एकदा तो बुटाची नाडी बांधायला वाकला होता तेव्हा बॉल मागून लागून आत गेला, आणि तो गोल क्लबच्या चांगल्या गोलांत धरला जाई. त्या काळचा चामड्याचा बॉल चिखलात भिजला की धोंड्यासारखा व्हायचा आणि जिथे लागेल तिथे शिवणीसकट ठसा उमटवायचा. नेव्हिलचा गोल कुठे लागून झाला हे सोमवारी सकाळी हिल्डाबाईंना नेव्हिलपेक्षा नेमकं माहीत असे.

उन्हाळ्यात फुटबॉल बंद असला की तो पाट्या रंगवायचा. खाटकाच्या दुकानाची, दारूच्या गुत्त्याची, मयताच्या गाडीची. हात फार सुरेख. क्लबच्या दाराशी एक ओकचा फळा होता, त्यावर शंभर गोल करणाऱ्यांची नावं सोनेरी अक्षरांत: नाव, वर्षं, आकडा. पासष्ट वर्षांत दोनच नावं झाली होती. दर जुलैत नेव्हिल तो फळा घरी नेऊन त्याला वॉर्निश करायचा. दोन नावांखालच्या रिकाम्या जागेलाही करायचा. अकरा वर्षं त्याने त्या रिकाम्या जागेला वॉर्निश केलं होतं.

बासष्ट सालच्या फेब्रुवारीत त्याचे नव्व्याण्णव झाले. मग मार्च गेला. एप्रिलही जवळजवळ गेला. गुडघा असा सुजला होता की पँट चढवताना तो भिंतीला टेकायचा. एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी पुढच्या वर्षी नको असलेल्यांची यादी कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर लागली. पहिलं नाव त्याचं. यादी आद्याक्षरांप्रमाणे होती असं मॅनेजरने त्याला समजावून सांगितलं. शनिवारी घरच्या मैदानावर शेवटचा सामना.

त्या शनिवारी पाऊस होता. सहा मिनिटं उरली असताना कॉर्नर मिळाला, सहा जण एकदम उडाले, एकदम पडले, आणि बॉल जाळीत. नेव्हिल चिखलात पालथा पडलेला, एक हात वर. रेफरीने गोल दिला. कोणाचा, ते विचारल्यावर तो म्हणाला की सहा जणांत त्याने फक्त पाय मोजले आणि ते अकरा भरले. संध्याकाळच्या पेपरात आलं की बॉल पाहुण्यांच्या लेफ्ट बॅकच्या डोक्याला लागून स्वतःच्याच गोलात गेला. लेफ्ट बॅक म्हणाला, माझं डोकं तेव्हा तिथे नव्हतं. नेव्हिल म्हणाला, माझ्या पाठीला लागला, उजव्या खांद्याखाली.

क्लबचे सेक्रेटरी ऑलरेनशॉ साहेब दिवे लागायच्या आत हिल्डाबाईंच्या मागच्या दाराशी आले. ते चॅपेलमध्येही, म्हणजे गावातल्या प्रार्थनाघरातही, दर रविवारी पहिल्या बाकावर बसत. पायपुसण्यावर बूट पुसून ते आत आले आणि उभेच राहिले.

“मिसेस कॅटरॉल, नऊ नंबर धुऊ नका. सोमवारी संध्याकाळी कमिटी बसतेय. मी न्यायला येतो.”

“सोमवार माझा धुण्याचा.”

“तो एक मंगळवारी धुवा.”

“मंगळवारी इस्त्री.”

“मग बुधवारी.”

“बुधवारी मी बहिणीकडे जाते,” हिल्डाबाई म्हणाल्या. “बरं. कशाला पाहिजे?”

“पाठीवर बॉलचा ठसा असला तर गोल नेव्हिलचा आणि शंभर पुरे. नसला तर नव्व्याण्णव. फळ्यावर नव्व्याण्णववाल्याला जागा नाही. त्यात कोणाचा दोष नाही, नियम आहे.”

“टोपलीत आत्ताच बघा की.”

“नको, नको,” ऑलरेनशॉ साहेब म्हणाले. “कमिटीसमोरच उघडलेलं बरं. मी एकट्याने पाहिलं तर लोक म्हणतील, एकट्याने पाहिलं.”

ते गेल्यावर हिल्डाबाईंनी टोपली उघडली. नऊ नंबर वरच होता, घडी केलेला. बाकीचे दहा जण कपडे फेकायचे. मोजे गुंडाळलेले, शर्ट उलटे, आत चिखलाची ढेकळं. अकरा वर्षांत नेव्हिलने एकदाही मोजा उलटा ठेवून टाकला नव्हता. शर्ट सुलटा, घडी करून, मोज्यांची जोडी एकमेकांत. पहिल्या वर्षी त्यांना वाटलं, पोरगा नवा आहे, शिकेल. तो शिकला नाही.

शर्ट त्यांनी खिडकीशी नेला. पुढून सगळा चिखल, पांढरं कुठे दिसेना. मग पाठ. पाठ मंगळवारी इस्त्री केली होती तशीच्या तशी. पावसाने ओली झालेली, बाकी लख्ख. उजव्या खांद्याखाली नाही, डाव्या नाही, कुठेच काही नाही. त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलं आणि झाकण लावलं.

शेगडीशी पेपर वाचत बसलेल्या विल्फने, त्यांच्या नवऱ्याने, मान वर केली नाही. “आहे का?”

“चहा घेणार?”

“म्हणजे नाही,” विल्फ म्हणाला. “घेतो.”

रविवारी सकाळी नऊ वाजता नेव्हिल आला. अंगावर चांगला कोट, हातात बायकोची बाजारची पिशवी. पिशवी गोल दिसत होती. तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला आणि पिशवी दोन पायांमध्ये ठेवली.

“हिल्डामावशी, बरी आहेस?”

“बरी आहे. पिशवीत काय आहे रे?”

नेव्हिलने पिशवीकडे असं पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कोणाची असावी. “बॉल.”

“भिजलेला दिसतोय. माझ्या फरशीवर गळतोय.”

“पाऊस होता ना.”

“काल होता. आज ऊन आहे.”

परसातली टोपली खिडकीतून दिसत होती. दोघांनीही तिच्याकडे पाहायचं टाळलं.

“तू पाहिलास शर्ट?” शेवटी त्याने विचारलं.

“पाहिला.”

“मला वाटलं लागला.”

“कधी वाटलं?”

नेव्हिलने खरंच विचार केला. तो प्रामाणिक माणूस होता, म्हणूनच हे सगळं त्याला जड जात होतं. “गोल झाल्यावर,” तो म्हणाला.

हिल्डाबाईंनी फडकं आणून पिशवीखालचं पाणी टिपलं. फडकं पिळलं, वाळत टाकलं, मग त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“हे बघ पोरा. सोळा वर्षांत मी कापडावरचे डाग काढलेत. रक्ताचे काढलेत, डांबराचे काढलेत, तुमच्या त्या गोलकीपरच्या लग्नातल्या बिटाचे काढलेत. डाग लावायचं काम मला येत नाही, आणि माझ्या परसात दुसऱ्याला ते करू देणार नाही. ऊठ. तो बॉल घरी ने.”

नेव्हिल उठला. लाजेने कान लाल झाले होते. दाराशी थांबून म्हणाला, “मी ऑलरेनशॉ साहेबांना सांगून टाकतो, नाही लागला म्हणून. चॅपेल सुटलं की.”

“तू काही सांगायचं नाहीस. तू आज तुझ्या सासूकडे जा.”

“सासूकडे? आपणहून?”

“हो. आणि चहापर्यंत तिथेच बस.”

तो गेला. हिल्डाबाई त्याच खुर्चीवर बसल्या. साडेदहाला गल्लीतली दारं एकामागून एक वाजली, हॅट आणि हातमोजे घातलेली माणसं चॅपेलकडे गेली. शेजारच्या मिसेस हॅस्लमनी दारावर टकटक केली, “येताय ना?” हिल्डाबाईंनी आतूनच सांगितलं, डोकं दुखतंय. त्यांचं डोकं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं. मग त्यांनी धुण्याच्या खोलीत जाऊन तांब्याच्या हंड्याखाली जाळ केला.

विल्फ दारात येऊन उभा राहिला. “आज रविवार आहे.”

“माहीत आहे.”

“नाही, आपलं सांगितलं.” मग तो म्हणाला, “एकच धुणार की सगळे?”

याचा विचार त्यांनी खुर्चीवर बसून केला होता. एकच शर्ट वाळत घातला असता तर ते कारस्थान झालं असतं. सगळंच धुणं घातलं की ते फक्त पाप. “सगळे,” त्या म्हणाल्या. “पिळायच्या यंत्राचं चाक फिरव. तुझे हात रिकामे आहेत.”

“मीसुद्धा नरकात जाऊ म्हणतेस?”

“तिथे मला एकटीला करमणार नाही.”

विल्फने कोट काढला आणि चाक फिरवायला लागला.

बाराला चॅपेल सुटलं तेव्हा मागच्या गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दहा पांढरे शर्ट, गोलकीपरचा एक हिरवा, अकरा चड्ड्या आणि बावीस मोजे उन्हात हलत होते. चॅपेलची माणसं कोपऱ्यावरून वळली आणि थांबली. घरी जायचं तर त्या कपड्यांखालून जावं लागत होतं. काही जण मान वाकवून गेले. काही जण उलटे फिरून लांबच्या वाटेने गेले. मिसेस हॅस्लमनी दोरीकडे पाहिलं, परसाच्या दारात उभ्या असलेल्या हिल्डाबाईंकडे पाहिलं, आणि घरात जाऊन मागची खिडकी लावली. तोवर रविवारवाली आपल्या दारात येऊन उभी राहिली होती. एकवीस वर्षांनी प्रथमच तिने हिल्डाबाईंना हात केला. हिल्डाबाईंनीही केला. नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

ऑलरेनशॉ साहेब सगळ्यात शेवटी आले. नऊ नंबर बरोबर त्यांच्या नाकासमोर येत होता. त्यांनी हॅट काढली.

“मिसेस कॅटरॉल.”

“ऑलरेनशॉ साहेब.”

“काल मी काहीतरी बोललो होतो.”

“बोलला असाल. वय झालं माझं, लक्षात राहत नाही.”

“तुम्ही माझ्याहून सहा वर्षांनी लहान.”

“मग तुमच्याही लक्षात नसेल.”

ऑलरेनशॉ साहेबांनी शर्टाची पाठ बराच वेळ पाहिली. वाऱ्याने शर्ट फुगला, मग पडला. गल्लीतल्या निदान सहा खिडक्यांचे पडदे हलले. यानंतर त्या घराला कोण काय म्हणणार आहे हे त्यांना त्यांच्या बायकोकडून जेवताना कळणारच होतं.

“वारा चांगला आहे,” ते म्हणाले.

“हो. अंधाराआधी वाळतील.”

त्यांनी हॅट घातली आणि वाकून शर्टाखालून पलीकडे गेले.

सोमवारी कमिटी बसली. इतिवृत्तात एवढंच आहे: शर्ट समितीसमोर ठेवण्यात आला. शर्ट स्वच्छ आढळला. विरुद्ध पुरावा नसल्याने गोल एन. ग्रिमशॉ यांचा मानण्यात येत आहे. धुलाईबद्दल आभार.

मिसेस हॅस्लम ऑगस्टपर्यंत हिल्डाबाईंशी बोलल्या नाहीत. चॅपेलमध्ये हिल्डाबाईंच्या बाकावर दोन्ही बाजूंना एकेक माणूस मावेल एवढी जागा राहू लागली. विल्फ म्हणाला, ऐसपैस बसता येतं. ऑगस्टमध्ये मिसेस हॅस्लम आईच्या लग्नातला टेबलक्लॉथ घेऊन मागच्या दाराशी आल्या. त्यावर बेदाण्याच्या मुरंब्याचा डाग पडला होता. डाग कसा पडला ते त्यांनी पाऊण तास सांगितलं. हिल्डाबाईंनी तो काढून दिला.

त्याआधी, जुलैत, नेव्हिलने फळा नेहमीप्रमाणे घरी नेला आणि पंधरा दिवसांनी आणून भिंतीवर लावला. हिल्डाबाई त्या दिवशी मैदानाच्या दारातून प्रथमच आत गेल्या. नेव्हिल शिडीवरून उतरत होता, गुडघा सांभाळत, एकेक पायरी.

वरची दोन नावं ताजी झाली होती. पहिल्यापुढे एकशे एकतीस, दुसऱ्यापुढे एकशे आठ. त्याखाली तिसरं: एन. ग्रिमशॉ, १९५१ ते १९६२. अक्षरं वरच्या दोघांपेक्षा तसूभर लहान, पण वळण सगळ्यात सुंदर. त्यापुढे काही नव्हतं.

“आकडा?” हिल्डाबाईंनी विचारलं.

नेव्हिल फडक्याने बोटांचा सोनेरी रंग पुसत होता. “जागा पुरली नाही,” तो म्हणाला.

हिल्डाबाईंनी फळ्याकडे पाहिलं. नावापुढे चांगली हातभर जागा होती. आकडाच काय, नेव्हिलच्या सासूचा पत्ताही मावला असता. त्यांनी जवळ जाऊन तिथून बोट फिरवलं. चिकटलं नाही.

“वॉर्निश छान बसलंय,” त्या म्हणाल्या.