खिडकीसमोरचे सहा फूट

मित्रांनो, मी एक जुनी मोकळी जागा आहे. हसू नका. छत्री बोलते, खुर्ची बोलते, फाटकं पुस्तक बोलतं. मग मी का नको? माझ्याजवळ लाकूड नाही, लोखंड नाही. फक्त माप आहे.

सहा फूट

माझा जन्म १९७१ साली सोलापुरात, लाल पेन्सिलीने झाला. गिरणीतून निवृत्त झालेल्या मडिवाळप्पा फिटरला परसबागेत अवजारांसाठी फळ्यांची शेड बांधायची होती. नकाशात त्याने ती घराला चिकटवली होती. पालिकेच्या ओव्हरसिअर मानसिंगांनी तिच्यावर फुली मारली आणि ती पलीकडे सरकवली.

“साहेब, सहा फूट म्हंजे लई झालं की. एवढ्यात माझी वांगी आली असती.”

“लाकडाची शेड आहे, मडिवाळप्पा. पेटली तर ती एकटीच पेटली पाहिजे. मध्ये काही ठेवायचं नाही. वर आकाश दिसलं पाहिजे.”

दोन लाल रेघांमधलं कोरं ते मी.

मडिवाळप्पाची बायको निंगव्वा हिचे पाय लुळे पडले होते. ती दिवसभर खाटेवर असे आणि खाटेजवळची खिडकी माझ्याकडे उघडे. चिमण्या माझ्या मातीत अंग घोळवत, ती बघत बसे. “हे माझं अंगण हाय,” म्हणे. रिकाम्या जागेचं कौतुक करणारं माणूस जन्मात एखादंच भेटतं.

चार फूट

आधी बंब आला. तो मायेपोटी आला, म्हणून मला रागावताही येईना. गरम पाण्याने शेकलं की निंगव्वाचे पाय हलके होत. मडिवाळप्पाने तांब्याचा बंब तिच्या खिडकीखालीच मांडला.

“गजातनंच तांब्या तांब्या पाणी देतो बघ.”

ती लाजली होती, मला आठवतं.

दीड फूट

बंबाला जळण हवं. मडिवाळप्पाची बहीण गोजरबाई मंगळवेढ्याहून एस.टी.च्या टपावर तुराट्यांचे भारे टाकून आली.

“दादा, ही जागा काय देवाला सोडलीस व्हय?”

“साहेबानं सोडायला लावलीय.”

“मग साहेबालाच सांग हितं येऊन निजायला!”

सगळे हसले. निंगव्वाही हसली. संध्याकाळी मात्र म्हणाली, “वारा अडला की वो.”

“काढतो,” तो म्हणाला.

सहा फूट, पण एकच दिवस

तपासणीच्या सकाळी बंब आणि भारे शेजारच्या खाजाभाईंच्या अंगणात गेले. मानसिंगांनी टेप लावला. “शाब्बास! असं नियमानं वागणारा माणूस मिळत नाही,” म्हणून सही केली.

ते जाताच खाजाभाई भिंतीवरून डोकावले. “फिटर, तुमचं वऱ्हाड परत कधी नेताय?”

दिवस मावळायच्या आत वऱ्हाड परत आलं. मला तोंड असतं तर…

काहीच नाही

१९७४ चा चैत्र. वळवाच्या पावसात जळण भिजू नये म्हणून मडिवाळप्पाने वर पत्रा टाकला. एक टोक शेडवर, दुसरं खिडकीच्या चौकटीवर. माझं आकाश गेलं.

पाचव्या दिवशी तो दाराला कुलूप लावून बियाणं आणायला नवी पेठेत गेला होता. बंबात निखारे तसेच होते. झळांचा वारा सुटला. तुराट्या पेटल्या, मग फळ्या, मग खिडकीची चौकट. पत्र्याखाली ज्वाळांना वर जायला वाट मिळेना. त्या आत वळल्या.

निंगव्वा गजांवर तांब्या आपटत होती. “खाजाभाई! ओ खाजाभाई!”

त्यांनी दार फोडलं, तिला वाकळेत गुंडाळून बाहेर आणलं. ती वाचली. तांब्या धरलेला हात कोपरापर्यंत भाजला.

मित्रांनो, मला आग तोडण्यासाठी जन्माला घातलं होतं. मी ती खिडकीपर्यंत पोचवली.

मानसिंग पुन्हा आले. काळ्या खांबांकडे बघत उभे राहिले. टेप त्यांनी खिशातून काढलाच नाही.

सहा फूट

निंगव्वा दवाखान्यातून येईपर्यंत मडिवाळप्पाने मला झाडून लख्ख केलं होतं.

“ती खिडकी बुजवा वो,” निंगव्वा म्हणाली.

“अगं, मोकळी केलीय की. बघ तरी. चिमण्याबी आल्यात.”

“न्हाय. बुजवा.”

त्याने स्वतः विटा रचल्या. शेवटची वीट हातात धरून बराच वेळ थांबला. आतून तिने मान फिरवली.

तेव्हापासून तो मला रोज झाडतो. पान पडू देत नाही. हे आधी केलं असतं तर, असं तो कधी बोलत नाही; खराटा जरा जास्तच जोरात चालतो.

मित्रांनो, भिंतीजवळ, जिन्याखाली, दारापुढे कुणी मुद्दाम सोडलेली जागा दिसली, तर ती वाया गेली असं समजू नका. कुणाचा तरी जीव तिच्या भरवशावर पलीकडे निजलेला असतो. तिथे काही ठेवू नका. मायेनेसुद्धा नाही. खाली एक ओळ मोकळी सोडते आहे, तीही भरू नका.

 

मी पुरती सहा फूट आहे. चिमण्या येतात. आतून कुणी बघत नाही.