पाणी प्यायलेला उंट

मी ढोरांचा डॉक्टर नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. सरकारी कागदावर मी स्टॉकमन होतो. बैलांच्या खुरांना औषध लावायचं, म्हशींना सुया टोचायच्या आणि खरा डॉक्टर तालुक्याहून येईपर्यंत वेळ मारून न्यायची, एवढंच माझं काम. पण रामटेकच्या अलीकडच्या त्या गावात मला सगळे 'डॉक्टरसाहेब' म्हणत आणि मला ते भारी आवडायचं. एकदा एकानं 'शरच्चंद्र कंपाउंडर' म्हटलं, तर मी त्याच्या आजारी म्हशीकडे दोन दिवस फिरकलो नाही. असा माणूस मी.

दुष्काळाच्या साली काठेवाडी मेंढपाळ आपले कळप घेऊन आमच्या भागात उतरले होते. परत जाताना त्यांचा एक नर उंट आणि एक मादी मागे राहिली. कुणी म्हणे आजारी म्हणून सोडली, कुणी म्हणे दोर तोडून पळाली. तीन वर्षांत ती पुरती रानटी झाली. पळसाच्या रानात राहायची, बाभळी ओरबाडायची, मधूनच कुणाच्या तुरीत घुसायची. त्यांना पाहिलं की बैल गाडीसकट उधळायचे. पुढे मादीला पिल्लू झालं. लोक शिव्या द्यायचे आणि पाहुणे आले की त्यांना हौसेनं उंट दाखवायलाही न्यायचे.

चौथ्या हिवाळ्यात, पौषात, नर बिघडला. तोंडाला साबणासारखा फेस यायचा. दात करकरा वाजवायचा. घशातून फुग्याएवढी लाल पिशवी तोंडाबाहेर लोंबायची आणि गुडगुड आवाज करत परत आत जायची. माणूस दिसला की अंगावर यायचा. एका सकाळी रुपरावांची सून गोपिका बांधावर गवत कापत होती. उंटानं मागून येऊन तिचा दंडच तोंडात धरला. तिचा नवरा केशव जवळच होता, त्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं हाणून तिला सोडवलं.

रुपरावांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बाराबोरची बंदूक होती. पण ती रानडुकरांसाठी. उंट म्हणजे कुणाचं तरी पाळलेलं जनावर; उद्या मालक उगवला तर पोलिसात जाईल. पोलीस पाटलानं सांगितलं, आधी डॉक्टरचा कागद आणा. म्हणून अख्खं गाव माझ्या दवाखान्यापुढे जमलं.

उंट मी आयुष्यात तपासला नव्हता. ट्रेनिंगच्या पुस्तकात उंटावर दीड पान होतं, ते परीक्षेला येत नाही म्हणून मी वाचलंही नव्हतं. दोनशे पावलांवरून, बाभळीच्या आडून, मी त्याला पाच मिनिटं पाहिलं. तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावायचा तर चार मैलांवरच्या पोस्टात जायला हवं होतं. तेवढं मी सहज जाऊ शकलो असतो. पण वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि 'मला माहीत नाही' हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना. मी कागद घेतला आणि लिहिलं, 'सदर नर उंट पिसाळलेला असून त्यास त्वरित नष्ट करावे.' खाली झोकात सही केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बोडीच्या पाळीवर दबा धरून बसलो. बोडी म्हणजे आमच्याकडे धानाला पाणी देण्यासाठी बांधलेलं लहानसं तळं. रुपराव, केशव, मी आणि काठ्या घेतलेले सात-आठ जण. थंडी अशी की बंदुकीची नळी हातात धरवेना. उजाडलं आणि पळसांमधून तिघं आली. पुढे नर, मागे मादी, तिच्या पोटाशी पिल्लू.

नर सरळ पाण्यावर आला. पुढचे पाय फाकवले, मान खाली घातली आणि प्यायला लागला. घटाघटा प्यायला, चांगला वेळ घेऊन प्यायला. मधे एकदा मान वर करून दम घेतला, पुन्हा प्यायला.

पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रुपरावांनी बंदुकीवरून मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टरसाहेब," ते कुजबुजले, "हा तं पानी पिऊन राहिला."

त्या क्षणी मी म्हणू शकत होतो, थांबा, आपण तालुक्याच्या डॉक्टरांना बोलावू. उंट काही पळून जात नव्हता. पण माझी सही झाली होती आणि मागे आठ माणसं कान देऊन होती.

"उंटाचं वेगळं असतं," मी म्हणालो. "मारा."

रुपरावांनी पुन्हा नेम धरला. मग त्यांनी बार काढला. उंट धाडकन पडला नाही. आधी गुडघे टेकले, मग मागचे पाय मुडपले आणि पाठीवर ओझं घ्यायला बसावा तसा बसला. मग मान पाण्यात गेली. मादी पळाली नाही. ती जवळ आली आणि त्याचं अंग हुंगायला लागली.

"आता हिचं काय करता?" रुपरावांनी विचारलं.

"तिलाही चावला असेल," मी म्हणालो. एकदा खोटं बोललं की दुसऱ्याला फार कष्ट पडत नाहीत. तिला दोन काडतुसं लागली. पिल्लू लाखोळीची डाळ पेरलेल्या शेतांमधून धावत सुटलं. लोक काठ्या घेऊन त्याच्यामागे तासभर पळाले, आरडाओरडा करत, चिखलात पडत, हसतसुद्धा. ते नाल्यापलीकडे दिसेनासं झालं. काडतुसं संपली होती. रुपराव म्हणाले, "जाऊ द्या त्याले," आणि बंदूक केशवच्या हातात देऊन घरी गेले.

नियम असा, की पिसाळल्याचा संशय असेल तर जनावराचं डोकं कापून नागपूरला तपासणीला पाठवायचं. दोन-तीन दिवसांत निकाल कळतो. मी डोकं पाठवलं नाही. चुना टाकून दोन्ही उंट खोल पुरायला लावले, वर काटे रचले. डोकं पाठवलं असतं तर मी चुकलो की नाही ते कळलं असतं, आणि तेच मला नको होतं.

आता गोपिकाला चौदा सुया घेणं भाग होतं, बेंबीभोवती, रोज एक, त्याही नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात. शहरात त्यांचं कुणी नव्हतं. नागपुरातच प्रताप नगरला माझं दोन खोल्यांचं घर होतं. माझी बायको तारा म्हणाली, "आपल्याकडेच राहू दे की तिला." मी मोठ्या मनानं हो म्हणालो.

पहिल्या दिवशी मी सोबत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी माझा कागद दोनदा वाचला.

"जनावर नक्की पिसाळलेलं होतं? डोकं पाठवलं?"

"गरज नव्हती. लक्षणं स्पष्ट होती."

"हे बघा, ही लस साधी नाही. हजारांत एखाद्याच्या नसांवर जाते, पाय कायमचे लुळे पडतात. म्हणून विचारतो. जनावर पिसाळलेलं असेल तर प्रश्नच नाही, द्यावीच लागेल."

"पिसाळलेलंच होतं," मी म्हणालो.

गोपिका वीस-एकवीस वर्षांची होती आणि तिची जीभ एक घटका गप्प बसत नसे. हात गळ्यात बांधलेला, तरी ताराच्या हातून लाटणं ओढून घ्यायची. सुई घेऊन आली की म्हणायची, "ताई, आमच्या सासूले सांगा, यंदा चाळणी नका घेऊ म्हणा. माह्या पोटातूनच पीठ चाळता येते." तारा हसून हसून डोळे पुसायची. आम्हाला मूल नव्हतं. त्या घरात इतकं हसणं मी आधी ऐकलं नव्हतं. मला ती 'भाऊजी' म्हणायला लागली आणि मी रोज गावाकडच्या कामावरून एसटीनं परतताना तिच्यासाठी बोरं घेऊन येऊ लागलो.

आठव्या सुईच्या दिवशी गावातल्या माझ्या दवाखान्यात एक म्हातारा काठेवाडी आला. पांढरे आखूड कपडे, मोठं पागोटं, आणि हातात दोर. दोराला ते पिल्लू बांधलेलं. चांगलं टुणटुणीत होतं, कुंपणाची मेंदी खात होतं.

"साहब, इसके माँ-बाप किधर हैं? तीन साल से ढूँढ रहा हूँ."

मी कागद काढून दाखवला. त्याला वाचता येत नव्हतं. मग मी लक्षणं सांगितली, फेस, दात, लाल पिशवी. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीत सरकलो.

"पिशवी मुँह के बाजू से निकलती थी? और गुड़गुड़ करता था?"

"हो."

"अरे साहब, वो तो मस्ती में था. ठंड में हर नर आता है. दो महीने काटता है, दौड़ता है, फिर गाय जैसा हो जाता है. हमारे बच्चे भी जानते हैं." मस्ती म्हणजे माज, एवढं मला कळलं. तो पिल्लाची मान खाजवत राहिला. "मादी को किसलिए मारा?"

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. तो शिव्या देईल असं वाटलं होतं, पण त्यानं दोर ओढला आणि निघून गेला.

सहा सुया उरल्या होत्या. त्या संध्याकाळी एसटीत मी ठरवलं, उद्या सकाळी नागपूरच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सगळं सांगायचं. सकाळी मनात आलं, काठेवाड्याचं ऐकून सुया थांबवल्या आणि उंट खरंच पिसाळलेला निघाला तर? कारण चांगलं होतं. पण ते कारण नव्हतं. खरं कारण माझी सही होती, चौकशी होती, आणि ज्या गावात मी डॉक्टरसाहेब होतो तिथे 'मस्तीतला उंट मारणारा कंपाउंडर' होणं होतं. नववी सुई झाली. दहावी झाली. अकरावीला मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो आणि परतलो. लाज वाटते सांगायला, पण त्या दिवशी मला हायसंही वाटलं, की आता तीनच राहिल्या.

बाराव्या सकाळी गोपिका म्हणाली, "भाऊजी, पायाले मुंग्या येऊन राहिल्या."

"मांडी घालून बसतेस दिवसभर, म्हणून," मी म्हणालो. आणि ती बारावी सुई घेऊन आली.

दुपारी ती मोरीतून उठली नाही. तारानं हाक मारली तर आतून म्हणाली, "ताई, माहे पाय कुठं गेले वं?" आधी तारा हसली. तिला वाटलं, हिची नेहमीची थट्टा.

डॉक्टरांनी सुया बंद केल्या. चार महिने उपचार झाले. हात बरा झाला, पाय आले नाहीत. गावच्या थांब्यावर केशवनं तिला एसटीतून उचलून बैलगाडीत ठेवलं तेव्हा त्यानं माझे हात धरले. "डॉक्टरसाहेब, पाय गेले तं गेले. तिले तुमी मरनातून काढलं."

गावात एक माणूस पूर्वी कुत्रं चावून मेला होता. त्याचं ओरडणं सगळ्यांनी ऐकलं होतं. म्हणून गोपिका जगली याचं गावाला नवल होतं. बाया तिला बघायला येत. मी मात्र दोन वर्षं धडपणे झोपलो नाही. शेवटी एका दुपारी, घरचे वावरात गेलेले बघून, मी तिच्या खाटेपाशी गेलो आणि सगळं सांगितलं. काठेवाडी, मस्ती, आठवी सुई, फाटक. काही म्हणजे काही लपवलं नाही. ती तूर निवडत होती. हात थांबले नाहीत.

"हे अजून कोनाले सांगितलं?"

"कुणालाच नाही. आज केशवला सांगणार आहे."

तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. "सांगू नका."

"गोपिका, मला आता सहन होत नाही."

"तुमाले सहन होत नाई म्हनून सांगता?" ती असं कधीच बोलली नव्हती. "सासू दुसरी करा म्हनून मागं लागली हाये. ते म्हनते, मरनाच्या दारातून आणलेली बायको कशी सोडू? देव कोपन म्हनते. तेवढ्यावर हाव मी या घरात. उद्या तुमी सांगान की उंट बराच होता. मंग मी कोन? उगाच लुळी झालेली बाई. कोन ठेवन मले?" ती पुन्हा सूप घेऊन निवडायला लागली. "पाय तं नेले तुमी. आता घर नका नेऊ."

मी केशवला सांगितलं नाही, पण तिला ज्याची भीती होती तेच समोर आलं. पुढच्या थंडीत मनसरच्या बाजारात केशवला कुणी काठेवाडी भेटला. केशवनं मला निरोप पाठवून घरी बोलावलं. ओसरीवर रुपराव मान खाली घालून बसले होते. प्रयागबाई, गोपिकाची सासू, दाराला टेकून उभी. गोपिका खाटेवर.

"डॉक्टरसाहेब," केशव म्हणाला, "काठेवाडी म्हनते का थंडीत नर उंट असाच करते. तो पिसाळला नव्हता म्हनते. तुमी लिवलं ते खरं का तो म्हनते ते? शपथेवर सांगा."

"सांगा नं," प्रयागबाई म्हणाली. तिला घाई झाली होती.

खरं बोलायची एवढी तहान मला जन्मात लागली नव्हती. मी गोपिकाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, केशवकडे बघत होती.

"पिसाळलेलाच होता," मी म्हणालो. "शपथेवर सांगतो. त्या सुया नसत्या तर ही महिन्याभरात गेली असती."

केशवनं मोठा श्वास सोडला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मला पाय मागे घ्यायचं धैर्य झालं नाही. प्रयागबाई पदर झटकून आत गेली.

"आत्याबाई, भाऊजींसाठी चहा ठेवा जी," गोपिकानं मागून हाक दिली. आवाजात सुटका होती, फक्त तिची. माझ्यासाठी त्यात काहीच नव्हतं.