उपाशीपोटी उघडलेला फाहा

“आडवं पडल्याशिवाय फाहा उघडायचा नाही, आणि उपाशीपोटी तर मुळीच नाही!” दवाखान्यातून निघताना नर्स देयानिराने बजावलं होतं. लुस एनितला ते शब्द आठवले तेव्हा ती न्हाणीघराच्या गार फरशीवर पडली होती आणि नणंद ओफेलिया तिच्या तोंडावर पाणी मारत होती.

“आहेस की गेलीस?”

“आहे, वन्सं.”

“मग तशीच पडून राहा. हे गुळाचं पाणी पी आधी.”

ऑपरेशन करून पोटाची लोंबती कातडी काढल्यापासून मांड्यांपासून छातीपर्यंत आवळणारा तो हुकांचा घट्ट पोशाख, फाहा, तिच्या अंगावर होता. तो उघडून अंग धुवायचा पहिला दिवस नेमका शुक्रवारी आला. नवरा गेल्यापासून लुस एनित शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नसे. त्यात उभ्यानेच तिने हुक सोडले. रक्त एकदम पायांकडे उतरलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

“देवाने दिलेली कातडी कापायला गेलीस ना!” ओफेलिया म्हणाली. “म्हणे टेकडी चढायचीय.”

टेकडीसाठीच तर सगळं चाललं होतं. गुड फ्रायडेला अख्खं काली शहर तीन क्रुसांच्या टेकडीवर चढतं; लुस एनित मात्र वर्षानुवर्षं पायथ्याशी बसून इतरांच्या पिशव्या राखत आली होती. चालून चालून, तळलेलं सोडून तिने आपलं जड अंग उतरवलं, तर रिकामी कातडी मांड्यांवर लोळायची, चालताना सोलवटायची. आता ती कापली, पण टाक्यांच्या ओढीने पाठ कमानीसारखी वाकलेली. सरळ उभं राहता आलं नाही तर यंदाही पिशव्याच.

आणि व्रताचं काय? तिने डोळे मिटून मरियामातेला विचारलं. उत्तर आलं नाही. पोट मात्र जोरात गुरगुरलं. तेच तिने उत्तर मानलं. पुढच्या शुक्रवारपासून सकाळीच कोंबडीचं सूप, आणि उपासाच्या बदल्यात दिवसभर नणंदेला उलटून बोलायचं नाही, असं तिने ठरवलं आणि ओफेलियाला सांगूनही टाकलं.

“हे काही तुला झेपायचं नाही,” ओफेलिया म्हणाली.

लुस एनित गप्प बसली.

अंग धुऊन झालं की ओफेलिया तिला पलंगावर झोपवून फाहा चढवायची. “पोट आत घे! पानात तामाल बांधतेय की माणूस?” हुक ओढता ओढता दोघींना घाम फुटायचा. हळूहळू सूज ओसरली, हुक एकेक रांग आत सरकले. एका सकाळी शेवटच्या रांगेतला हुक बसला आणि लुस एनित पलंगावरून उठली ती थेट ताठ उभी राहिली.

“अगं बाई,” ओफेलिया मान वर करून म्हणाली, “तू माझ्यापेक्षा उंच आहेस?”

“पहिल्यापासून आहे, वन्सं!”

दोघी हसत सुटल्या. लुस एनितचं पोट ओढत होतं, तरी तिला हसू आवरेना.

डॉक्टरांनी चढायला परवानगी दिली: फाहा घालून, दमादमाने. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी ओफेलिया आपले सुजलेले गुडघे चोळत बसली होती.

“वर पोचलीस तर क्रुसापाशी माझ्याही नावाने गुडघे टेक. माझ्या भावासाठी. माझे काही आता टेकत नाहीत.”

“टेकते. शब्द दिला.”

उजाडताना ओफेलियाला झोप लागली होती. लुस एनितने क्रुसाची खूण केली, हळूच दार ओढून घेतलं आणि टेकडीच्या रस्त्याला लागली.