घरबसल्या पदवी

आसगावच्या भैय्याजींनी दिलेला शब्द पाळला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचकांना वाटायचं, सुनेला छळणारा सासरा दिसतो. तसं काही नव्हतं हो. सून रेणू कोंढ्याची, पवनीच्या कॉलेजात विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला होती. सोयरीक जमताना तिच्या वडिलांनी एकच अट घातली, पोरीचं शिक्षण तोडू नका. भैय्याजींनी चार माणसांत होकार दिला आणि लग्नानंतर महिन्याभरात नवाकोरा मोबाईल आणून सुनेच्या हाती ठेवला. आता कॉलेजच घरी आलं, सुनेला उंबऱ्याबाहेर पाय टाकायला नको, असं ते गावभर कौतुकानं सांगत. विज्ञानाला प्रयोगशाळा लागते म्हणून विषय तेवढा बदलला. विज्ञान सुटलं, ऑनलाइन बी.ए. आलं.

तेव्हापासून रेणूचं कॉलेज पिठाच्या डब्याला टेकून उभं असे. तिकडे सर शिकवत, इकडे ती पोळ्या लाटत असे. सासूबाई, म्हणजे शकुनबाई, मधूनच आवाज कमी करायला लावत. धानाच्या रोवणीत, म्हणजे भातलावणीत, तर वीस बायांची शिदोरी डोक्यावर घेऊन शेतात बांधीवर जायचं. त्या दिवसांत तिचा नवरा राजकुमार तिच्या नावानं हजेरी लावायचा. परीक्षाही घरूनच होत. दोन पेपर त्यानंच सोडवले. एवढी मदत कोणता नवरा करतो, असं शेजारच्या कुंताबाई म्हणायच्या, आणि तो बिचारा खरंच मनापासून करत होता.

वर्गात एकशे चाळीस जण होते म्हणे. रेणूनं त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलं नाही. एकदा धीर करून तिनं वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं, भंडाऱ्याकडचं कोणी आहे का? कोणीच उत्तर दिलं नाही. विषय सोडून लिहू नये, एवढी सूचना मात्र सरांकडून आली. त्या दुपारी तिला पवनीच्या वर्गातली रिता आठवली, दोघींनी एका डब्यात खाल्लेलं वांग्याचं भरीत आठवलं, आणि चुलीपुढे बसून ती मनसोक्त रडली. घर माणसांनी भरलेलं, आणि हिला मनातलं बोलायला एक माणूस नाही. तीन वर्षं अशीच गेली. पदवी आली, पेढे वाटले गेले.

यंदा नणंदेची पाळी आली. टीना बारावी चांगली पास झाली, भंडाऱ्याला नर्सिंगला तिचा नंबर लागला. प्रवेश घ्यायला चार दिवस उरले होते, तेवढ्यात लाखनीचं स्थळ चालून आलं. मुलाची आई सत्यभामाबाई मोठ्या गोड बोलणाऱ्या. शिकायला आमची ना नाही, पण होस्टेल-बिस्टेल कायले, घरबसल्या करू द्या काहीतरी, असं त्या म्हणाल्या. भैय्याजींचा चेहरा खुलला. पोहे घेऊन आलेल्या सुनेकडे त्यांनी हात केला.

"हे आमची सून. घरातच राहून बी.ए. झाली. इचारा तिलेच."

रेणूनं ट्रे खाली ठेवला. नुसतं हो म्हणायचं होतं, तीन वर्षं ती तेच म्हणत आली होती. पण टीना तिच्याकडे बघत होती.

"मामाजी, नुसता कागद आला," ती सासऱ्याला म्हणाली आणि दाराशी उभ्या राजकुमारकडे बोट केलं. "पेपर यायनं सोडवले, मी रोवणीच्या बायांचं रांधत होती. पुस्तकात काय हाय, मले आजही माहीत नाही. टीनाले नर्सिंगले जाऊ द्या. तिले माझ्यावानी बसवू नका."

पाहुणे अर्धे पोहे ठेवून उठले. राजकुमार अंगणात निघून गेला. शकुनबाईंनी त्या दिवसापासून सुनेशी बोलणं टाकलं.

दोष मोबाईलचा नव्हे. त्याच्यावर शिकून कितीतरी मुलं पुढे गेली असतील. पण आपल्या घरांना त्यानं एक सोय करून दिली. मुलीला घरात ठेवायचं आणि शिकवल्याचं पुण्यही पदरात पाडून घ्यायचं.

चौथ्या दिवशी, प्रवेशाच्या शेवटच्या सकाळी, भैय्याजींनी टीनाची पेटी मोटारसायकलला बांधली आणि लेकीला घेऊन भंडाऱ्याला निघाले. टीना वहिनीच्या गळ्यात पडून रडली. रेणूला वाटलं, आता सगळ्यांनी ऐकलंय. आता कोणीतरी विचारेल, सूनबाई, तुले जायचं हाय का? संध्याकाळपर्यंत तिनं वाट पाहिली. कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळा स्वयंपाक उरकून तिनं बारावीची गुणपत्रिका पिशवीत घातली. मी पवनीले चालली, असं तिनं सासूला सांगितलं. सासूनं मान वर केली नाही. रेणू बसमध्ये बसली.

कॉलेजच्या खिडकीतल्या बाबूनं विचारलं, कोणत्या वर्षाला?

"पहिल्या. सायन्स."

बाबूनं तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं, मग तिच्या पाठीमागे पाहिलं.

"सोबत कोण आलं?"

"कोणी नाही," रेणू म्हणाली. "फॉर्म द्या."